आगुंब्याचे पर्जन्यारण्य आणि तेथील माणसे

उडुपीहून निघालेला रस्ता हेब्री आणि सोमेश्वर ही गावे ओलांडून पूर्वेकडे वळतो, आणि भाताची खाचरे, नारळी-पोफळीच्या वाड्या, उतरत्या कौलांची घरे असा रत्नागिरी-सिंधुदुर्गाची पदोपदी आठवण करून देणारा किनारपट्टीचा मुलूख एकाएकी संपून समोर सह्याद्रीची सरळ उभी, घनदाट झाडीची कड येते. या कडेवरून चौदा तीव्र वळणे घेत जो घाट चढतो, तो आगुंब्याचा घाट. वळणे इतकी आखूड आहेत की अवजड वाहनांना येथे मज्जाव आहे, आणि त्यामुळेच कदाचित दोन्ही बाजूंचे अरण्य रस्त्याच्या कडेपर्यंत निर्धास्तपणे येऊन ठेपले आहे. घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, कर्नाटकाच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील तीर्थहळ्ळी तालुक्यात आगुंबे हे लहानसे गाव वसले आहे. सह्याद्रीच्या या डोंगराळ, पावसाळी पट्ट्याला कन्नडिग मलनाड म्हणतात.

या गावाची पहिली ख्याती पावसाची. अरबी समुद्र येथून सरळ रेषेत चाळीस-पन्नास किलोमीटरांवर आहे, मध्ये एकही अडसर नाही, आणि बाष्पाने जड झालेले नैर्ऋत्येचे वारे या उभ्या कड्याला धडकून एकदम वर उचलले जातात. परिणामी वर्षाकाठी सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस येथे कोसळतो. आंबोलीचा पाऊस अनुभवलेल्या मराठी माणसाला या आकड्याचे अप्रूप कदाचित वाटणार नाही; परंतु १९४६ च्या ऑगस्टात एका महिन्यात ४,५०८ मिलिमीटर पाऊस येथे नोंदला गेला, म्हणजे पुणे शहराला सहा वर्षांत जेवढा पाऊस मिळतो तेवढा येथे एका महिन्यात पडला, हे कळल्यावर मात्र मन स्तिमित होते. मी गेलो तो दिवाळीनंतरचा काळ होता. पाऊस परतला होता; पण घरांच्या पडव्यांना टांगलेले झावळ्यांचे पडदे अजून उतरायचे होते, माळ्यावर जळणाची उरलेली रास दिसत होती, आणि भिंतींवर छपरापर्यंत चढलेले शेवाळ पावसाळ्याची साक्ष देत होते. चार महिने घराबाहेरचा व्यवहार जवळजवळ थांबतो, म्हणून वैशाखातच फणसाचे पापड वाळवून, कोवळ्या रानकैऱ्यांचे लोणचे भरून, लाकूडफाटा कोरडा करून ठेवणे हा येथल्या गृहिणींचा वार्षिक दस्तूर आहे.

घाटाच्या शेवटच्या वळणावर सूर्यास्त पाहण्याचे जे ठिकाण आहे, तेथे हिवाळ्याच्या निरभ्र संध्याकाळी पश्चिमेकडचा सारा सपाट प्रदेश आणि त्यापलीकडे समुद्राची उजळ रेघ दिसते. बहुतेक प्रवासी सूर्यबिंबाकडे पाहत असतात. मी खालच्या प्रदेशाकडे पाहत राहिलो, कारण त्या किनाऱ्यावर कुंदापूरजवळ बसरूर आहे. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी आरमार घेऊन ज्या संपन्न बंदरावर स्वारी केली, ते हेच. ते बंदर केळदीच्या नायकांच्या अंमलाखाली होते, आणि मी ज्या कड्यावर उभा होतो तो मुलूखही त्यांचाच. घाटावरचे मिरे आणि तांदूळ घाटवाटांनी खाली उतरून बंदरात जात आणि तेथून अरबस्तानापर्यंत पोहोचत. या राज्याशी मराठ्यांचा पुढे जो संबंध आला त्याची हकिकत कवलेदुर्गापाशी सांगणे अधिक उचित ठरेल.

गावात एकच मुख्य रस्ता, त्याच्या दोहो बाजूंना लांबट, लाकडी खांबांच्या ओसऱ्यांची घरे. बाजारात कन्नडाबरोबर कोंकणी कानावर पडते, आणि अर्धे-अधिक बोलणे आपल्याला कळत आहे या जाणिवेने परकेपण झपाट्याने ओसरते. येथला शतकाहून जुना चौकाचा वाडा, ‘दोड्डमने’ म्हणजे मोठे घर, साऱ्या भारताने पाहिला आहे, कारण आर. के. नारायण यांच्या कथांवर शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेली ‘मालगुडी डेज’ ही दूरदर्शनची मालिका १९८० च्या दशकात याच गावात आणि याच वाड्यात चित्रित झाली. काल्पनिक मालगुडीला देह मिळाला तो आगुंब्याचा. शंकर नाग यांची नाट्यसाधना मुंबईच्या मराठी रंगभूमीवर सुरू झाली होती आणि ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा वाटा होता, हे स्मरले म्हणजे त्या वाड्याच्या चौकात उभे राहताना आपलेही काही ऋणानुबंध आहेत असे वाटते. ज्या गोष्टीचे मला विशेष वाटले ती अशी, की एवढी प्रसिद्धी लाभूनही या घराने आपले दार पाहुण्यासाठी बंद केलेले नाही. आलेल्याला निवारा आणि पानावर अन्न द्यावे ही त्या घराची जुनी वहिवाट आजही पाळली जाते.

आगुंब्याचा माथा हा जलविभाजक आहे. पश्चिमेच्या उतारावरचे पाणी सीता नदीत जाते, बर्कणाच्या कड्यावरून अडीचशे मीटरांहून अधिक खोल झेप घेऊन थोड्याच अंतरात अरबी समुद्राला मिळते. पूर्वेकडच्या उतारावरचे पाणी मालती नदीतून तुंगेला, तुंगेतून तुंगभद्रेला आणि तेथून कृष्णेला मिळून सारे दख्खन ओलांडते आणि बंगालच्या उपसागरात पोहोचते. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा आणि आगुंब्याचा हा चिमुकला ओहोळ यांची अखेर एकच आहे, हे त्या माथ्यावरच्या ओल्या गवतात उभे राहून मला प्रथमच खऱ्या अर्थाने उमगले.

अरण्यात जायचे ते वनखात्याची परवानगी काढून आणि गावचा वाटाड्या सोबत घेऊनच. २०१२ साली पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांत आपली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी जशी आहेत, तसे सोमेश्वर अभयारण्य आणि आगुंब्याचे राखीव जंगलही आहे. परंतु आपल्या सह्याद्रीतील अरण्य आणि हे अरण्य यांत मोठे अंतर आहे. येथे पानगळीचा ऋतू नाही. धूप, नागकेसर, रानजायफळ, दालचिनी, रातांबा अशा वृक्षांची छत्रे वर एकमेकांत मिसळून गेलेली. प्रकाश खाली पोहोचतो तो तुकड्यातुकड्यांनी. आणि मोठ्या वृक्षांच्या बुंध्यांना तळाशी रुंद, फळ्यांसारखी मुळे फुटलेली, कारण माती पातळ आहे आणि मुळे खोल जात नाहीत. या अरण्याची सारी संपत्ती मातीत नसून पडलेल्या पानांच्या थरात आहे. पान पडते, बुरशी आणि वाळवी ते कुजवतात, आणि पाऊस ते धुऊन नेण्यापूर्वी मुळे त्यातले सत्त्व शोषून घेतात. हा थर एकदा खरवडला गेला की खाली उरतो तो तांबडा, निकस जांभा.

वाटाड्या हा गावातलाच एक प्रौढ शेतकरी होता. त्याच्या डोळ्यांना जे दिसे ते मला दाखवून दिल्याशिवाय दिसत नसे. खोडाच्या सालीत बेमालूम मिसळलेला उडता सरडा त्याने बोट केल्यावर हलला, बरगड्यांवर ताणलेले पिवळे पडदे पसरून समोरच्या झाडावर तरंगत गेला. दुपारी धनेश पक्ष्याच्या पंखांचा घरघराट प्रथम ऐकू आला आणि मग तो दिसला. पावसाळ्यात येथे आले तर मलबारी उडता बेडूक पाण्यावर वाकलेल्या पानांत फेसाची घरटी बांधताना पाहावयास मिळतो आणि रात्री कुजत्या लाकडावरची बुरशी हिरवट तेजाने उजळलेली दिसते, असे त्याने सांगितले. पण त्याच काळात जळवा इतक्या असतात की मीठ किंवा तंबाखू जवळ बाळगल्यावाचून पाऊल टाकवत नाही.

या अरण्याचा खरा अधिपती म्हणजे नागराज, ज्याला मलनाडात काळिंग सर्प म्हणतात. पंधरा-सोळा फुटांपर्यंत आणि क्वचित त्याहूनही लांब वाढणारा हा विषारी साप प्रामुख्याने इतर सापांवरच जगतो. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७१ साली निसर्गात पहिला नागराज पाहिला तो आगुंब्यात, आणि २००५ साली मिळालेल्या व्हिटली पुरस्काराच्या आधाराने त्यांनी येथेच पर्जन्यारण्य संशोधन केंद्र उभे केले. २००८ पासून तेथील अभ्यासकांनी सापांच्या शरीरात लहान प्रक्षेपक बसवून त्यांचा रानोमाळ माग काढला. या जातीची मादी पालापाचोळा गोळा करून घरटे रचते, असे करणारा दुसरा साप जगात नाही. त्यात ती वीस ते चाळीस अंडी घालते, कित्येक आठवडे अन्नावाचून त्यांची राखण करते, आणि पिले बाहेर पडण्याच्या थोडे आधी तेथून निघून जाते. २०२४ साली शास्त्रज्ञांनी नागराजाच्या एका जातीच्या चार जाती केल्या, तेव्हा पश्चिम घाटातल्या जातीला त्यांनी गावकऱ्यांच्या तोंडचे काळिंग हेच नाव दिले.

मला मात्र सापापेक्षा माणसांचे आश्चर्य अधिक वाटले. घरात धान्य, म्हणून उंदीर, उंदरामागे धामण, आणि धामणीमागे नागराज: या साखळीने तो पुष्कळदा न्हाणीघरात, गोठ्यात, स्वयंपाकघराच्या माळ्यावरही येतो. अशा वेळी काठी शोधण्याऐवजी माणसे घराबाहेर येऊन तो जाईपर्यंत थांबतात, किंवा जाणकाराला निरोप धाडतात. पोफळीच्या बागेत घरटे आढळले तर त्या कोपऱ्यात काम बंद ठेवून अंडी फुटेपर्यंत वाट पाहिली जाते. नागरूपात पुजल्या जाणाऱ्या सुब्रह्मण्याच्या उपासनेत वाढलेल्या या समाजात काळिंगाला मारणे हे पातक आहे. संशोधकांनी येथे ज्ञान आणले हे खरे. पण त्यांना अभ्यास करायला साप शिल्लक राहिला तो या श्रद्धेमुळे, आणि मलनाडच्या अरण्याविषयी जे काही लिहावे त्यात या उपकाराचा उल्लेख प्रथम व्हावयास हवा असे माझे मत आहे.

गावाभोवतीच्या दऱ्यांत घरोघरी पोफळीच्या बागा आहेत. ज्या कुटुंबाकडे मी उतरलो होतो त्यांच्या यजमानांनी मला पहाटेच बागेत नेले. उंच, सडपातळ पोफळी, त्यांच्या आधाराने चढलेले मिरवेल, मधून वेलदोडा आणि केळी, आणि तळाशी झुळझुळणारा पाट; डोंगरातला झरा केवळ उताराच्या बेताने साऱ्या बागेत खेळवलेला होता. घड काढणारा गडी एका पोफळीवर चढला, घड दोरीवरून खाली सोडला, आणि झाड झुलवून तेथूनच शेजारच्या पोफळीचा शेंडा पकडून पलीकडे गेला. जमिनीला पाय न लावता त्याने असे अनेक वृक्ष पार केले. पावसाळ्यापूर्वी हेच गडी कोळेरोगापासून पीक वाचवण्यासाठी प्रत्येक घडावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. हे कौशल्य अंगी असलेली माणसे आता दुर्मिळ होत आहेत, तरुण मुले बंगळुरूस जात आहेत, आणि शृंगेरी-कोप्पा भागात पाने पिवळी पडण्याच्या रोगाने बागाच्या बागा निकामी केल्या आहेत, हे यजमान सांगत होते तेव्हा त्यांच्या स्वरातली चिंता लपत नव्हती.

कोकणात आपण पिकलेली सुपारी वाळवून सोलतो. मलनाडात ती हिरवीच उतरवून, सोलून, ‘चोगरु’ नावाच्या दाट तांबड्या काढ्यात उकळतात आणि मग मांडवावर उन्हात वाळवतात. म्हणून तिला तो गडद, चकचकीत रंग येतो. हंगामात रात्र झाली की ओसरीवर शेजारपाजारच्या बायका जमतात, लाकडी पाटाला उभे पाते बसवलेल्या विळीसारख्या हत्याराशी बसून सुपारी सोलतात, आणि मजुरी मोजली जाते ती मापाने. मलाही त्यांनी एक जागा दिली. हात चालत असतात त्याबरोबर गाणी, गाऱ्हाणी, सोयरिकींच्या वार्ता चालतात. गावाचे खरे दप्तर तेथे उघडे असते. जेवायला तांदळाची भाकरी, आळूच्या पानांचे पत्रोडे, ब्राह्मीच्या पानांची ताकातली तंबुळी आणि कोकमाचे सार होते; वळचणीला पावसाळ्यातला बांबूच्या कोंबांचा मुरवलेला साठा दिसला.

या बागांचे आणि अरण्याचे नाते मला येथे प्रथम नीट कळले. बागेच्या वरच्या अंगाला असलेल्या रानातून हिरवा पाला तोडून तो गोठ्यात अंथरायचा, शेणाबरोबर कुजवायचा आणि पोफळीच्या बुंध्याशी घालायचा, ही येथील खताची पद्धत. आणि त्यासाठी बागाइतदाराला ‘सोप्पिनबेट्ट’ म्हणजे पाल्याच्या टेकडीवर हक्क असतो. जमीन सरकारची, पाला बागेचा. कित्येक ठिकाणी ही झाडे ओरबाडली गेली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जेथे मालकाने फांदी राखून पाला घेतला, तेथे आजही दाट रान आहे, झरा बारमाही आहे, आणि त्या झऱ्यावर बाग आहे. माणूस बाजूला सारला म्हणजे अरण्य वाचते असा एक समज शहरात रूढ आहे. आगुंब्याची बाग त्याला उघड छेद देते. आश्विनी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला, मलनाडातले शेतकरी ‘भूमि हुण्णिमे’ साजरी करतात: पीक पोटरीला आलेली भूमी ही गर्भवती मानून, अनेक प्रकारच्या पालेभाज्या एकत्र शिजवून, चित्रांनी रंगवलेल्या टोपल्यांतून ते अन्न पहाटे शेतात शिंपडले जाते. माझ्या तेथे जाण्यापूर्वी ती होऊन गेली होती. पांढऱ्या रेषांनी नटलेली टोपली देव्हाऱ्याजवळ तेवढी पाहायला मिळाली.

आगुंब्याहून तीर्थहळ्ळीकडे जाताना वाटेत कुंदाद्रीचा एकसंध खडकाचा डोंगर लागतो. माथ्यावर पार्श्वनाथाचे दगडी जैन मंदिर, शेजारी पाण्याने भरलेली कुंडे, आणि आचार्य कुंदकुंदांनी येथे तप केले अशी परंपरा. पुढे कवलेदुर्ग. झाडीत बुडालेल्या तीन तटांमधून फरसबंद वाट वर चढते. आत तलाव, काशीविश्वनाथाचे देऊळ, राजवाड्याची जोती आणि मुदपाकखान्यातली दगडी चूलसुद्धा शाबूत आहे. केळदीच्या नायकांचा हा बळकट किल्ला. या घराण्यातल्या शिवप्पा नायकाने सतराव्या शतकात जमिनीची प्रतवारी करून जी साराआकारणी बसवली, ती ‘शिस्त’ या नावाने महसुलाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याच्याच घराण्यातली राणी चेन्नम्मा. १६८९ साली संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज पन्हाळ्याहून जिंजीकडे निघाले, लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात मजल दरमजल करीत ते तिच्या राज्यात आले, आणि औरंगजेबाच्या क्रोधाची जाणीव असूनही तिने त्यांना आश्रय देऊन पुढे सुखरूप पोहोचवले. त्यासाठी तिला मोगल फौजेशी लढावे लागले. ज्या राज्याचे बंदर शिवाजी महाराजांनी लुटले होते, त्याच राज्याने चोवीस वर्षांनी त्यांच्या पुत्राला अभय दिले. याउलट १७९१ साली पटवर्धनांच्या फौजेबरोबर आलेल्या पेंढाऱ्यांनी येथून जवळच असलेल्या शृंगेरीच्या शारदापीठाची लूट केली. मराठी माणसाने मलनाडात फिरताना या दोन्ही गोष्टी बरोबर ठेवाव्यात. पहिलीचा विसर हा कृतघ्नपणा होईल, आणि दुसरीचा विसर अप्रामाणिकपणा.

त्याच पटवर्धन घराण्याच्या सांगलीच्या शाखेने मात्र कर्नाटकाचे एक देणे, यक्षगान हे लोकनाट्य, आदराने स्वीकारले. दिवाळीनंतर यक्षगानाच्या मंडळ्या गावोगाव फिरू लागतात, आणि नवस फेडण्यासाठी कुटुंबे मंदर्तीच्या देवीच्या नावे आपल्या अंगणात किंवा कापलेल्या शेतात खेळ करवितात. अशा एका खेळाला यजमान मला घेऊन गेले. भागवताने, म्हणजे गायक-सूत्रधाराने, झांज वाजवून पद उचलले, चंडे आणि मद्दळेचा नाद रानात घुमला, आणि उंच मुंडाशातला राजा आवेशाने गिरक्या घेत रंगणात उतरला. पहाटेपर्यंत मुले आईच्या मांडीवर झोपत होती, जागी होत होती, पण उठून कोणी गेले नाही. होन्नावरजवळच्या कर्की गावची अशीच एक मंडळी १८४२ साली सांगलीस आली होती. तिचा खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले, आणि १८४३ चे ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. मराठी रंगभूमीचे मूळ शोधीत येणाऱ्याने ग्रंथालयात जावे, पण एक रात्र या शेतातही बसावे.

याच तालुक्यात कुप्पळ्ळी आहे. राष्ट्रकवी कुवेम्पु यांचे लाकडी खांबांचे, तीन मजली, चौकाचे घर स्मारक म्हणून जतन केले आहे, आणि मागच्या टेकडीवर, कविशैलावर, जेथे ते तरुणपणी बसत तेथेच त्यांची समाधी आहे. १९६७ सालचे ज्ञानपीठ कन्नडला पहिल्यांदा मिळवून देणारे कुवेम्पु आणि पुढे तोच मान मिळवणारे यू. आर. अनंतमूर्ती हे दोघेही या एका तालुक्यातले. कुवेम्पूंच्या कादंबऱ्यांतले अरण्य अजून त्या टेकडीवरून दिसते.

आगुंब्यास जाणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या गर्दीत धबधब्याजवळ छायाचित्र काढून परतू नये. दिवाळीनंतर, सुपारीच्या हंगामात जावे, गावच्या घरात उतरावे, वाटाड्याला योग्य मेहनताना द्यावा, आणि वनखात्याने बंद केलेल्या वाटेवर पाऊल टाकू नये. विशेषतः कोणी पैसे घेऊन नागराज पकडून दाखवण्याची तयारी दर्शविली, तर स्पष्ट नकार द्यावा. मार्च ते मे हा त्याच्या विणीचा काळ असतो, आणि या दिवसांत घरट्याजवळ झालेला त्रास त्या वर्षीच्या साऱ्या पिलांच्या जिवावर बेतू शकतो.